रोजचा आवाज

सोनवणे सरांच्या खोलीत 'वाटतं' हा शब्द चालत नसे.

"सर, आवाज बसल्यासारखा वाटतो," असं पेशंटनं म्हटलं रे म्हटलं की सरांचा उजवा हात वर जायचा आणि बोट दाराकडे वळायचं. "वाटतं ते बाहेर चपलांजवळ ठेवून या. इथे फक्त किती ते बोलायचं." गुजराती माणूस असेल तर "लागे छे बहार मूको", आणि हिंदीवाला असेल तर "लगता है बाहर". सुरतेत तीन भाषांशिवाय भागत नाही, म्हणून बंदीही तीन भाषांत. पेशंट बिचारे गांगरून जायचे. एक आजोबा तर खरंच बाहेर गेले आणि स्वतःच्या चपला हातात घेऊन परत आले. त्यांना वाटलं, चपलांमध्येच काहीतरी चुकलंय.

मी त्याच मजल्यावर शेजारच्या खोलीत कान तपासते. उधन्याच्या बाजूचं आमचं हे ट्रस्टचं रुग्णालय. आजूबाजूला लूमची खाती, म्हणजे यंत्रमागाचे कारखाने, त्यामुळे कान गेलेले आणि आवाज गेलेले लोक आम्हाला कधी कमी पडले नाहीत. सर आवाज मोजायचे, मी कान मोजते. ते मला 'कानबेन' म्हणत. अकरा वर्षं म्हणाले. माझं नाव शैला आहे हे त्यांना ठाऊक होतं की नाही याची मला अजून खात्री नाही.

मागच्या वर्षी एक कागद माझ्या टेबलावर आला. नाव: देविदास सोनवणे. पद: वाचा-उपचारतज्ज्ञ. तपासणी: आवाज. खाली छापलेलं वाक्य होतं, 'एका श्वासातला स्वर दहा सेकंदांच्या खाली असल्यास या व्यक्तीस सतत बोलण्याचे काम देऊ नये.' गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन झाल्यापासून सरांचा आवाज गेला होता आणि आठ महिने झाले तरी परतला नव्हता. आता आकडा दहाच्या वर निघाला तर सरांची खोली सरांकडे राहणार होती. खाली निघाला तर त्यांना तळमजल्यावर जुन्या नोंदींच्या खोलीत खुर्ची मिळणार होती. आकडा मी काढायचा होता, कारण ही तपासणी येणारं दुसरं माणूस रुग्णालयात मीच. शिकवली कुणी? त्यांनीच. आणि ते छापलेलं वाक्यही त्यांचंच होतं.

कागद पाठवणाऱ्या नव्या अधीक्षकांना दोष द्यावा असंही नाही. सगळ्यांना जो कागद तोच सरांना, एवढंच त्यांनी म्हटलं. सरांनीही दुसरं काय म्हटलं असतं?

पण तळमजल्यावरची खुर्ची ही काय शिक्षा होती ते कळायला सर आधी कसे होते ते कळायला हवं. हा माणूस बसत नसे. त्यांच्या खोलीत दोन खुर्च्या, एक पेशंटची, एक पेशंटच्या माणसाची. सर उभे, नाहीतर चालते. खिडकी ते दार सहा पावलं, दार ते कॉम्प्युटर चार. बोलता बोलता ते ही दहा पावलं दिवसभर फिरत, आणि नवा पेशंट त्यांच्यामागे मान फिरवून फिरवून थकून जाई. अकरा वर्षांत त्या खोलीत मी त्यांना बसलेलं पाहिलं ते तीनदाच, आणि तिन्ही वेळा मला बरं वाटलं नाही.

अंगानं किडकिडीत, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि गळ्यात स्टॉपवॉच. त्याची मूळची दोरी कधीच तुटली होती, तिच्याजागी पायजम्याची लाल नाडी. तो स्टॉपवॉच फक्त पेशंटसाठी होता असं समजू नका. रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला, की टक. उधना स्टेशनवर गाडीची घोषणा झाली, की टक. लिफ्टची घंटा, शेजारच्या शाळेतली प्रार्थना, कँटीनमधला कुकर, सगळ्यांची वेळ सरांच्या वहीत. स्टॉपवॉच गळ्यात नसला तरी उजवा अंगठा वाकून वाकून रिकाम्या हवेत बटण दाबत असे. "आमची बायको मला हाक मारते ती सव्वा सेकंदाची," ते एकदा म्हणाले, "पाऊण सेकंदात आटपली तर समजायचं, काहीतरी आणायचं विसरलोय." वहिनी हे ऐकून कपाळाला हात लावायच्या.

मी नोकरीला लागले त्या दिवशी ते माझ्या खोलीत आले, कुठल्या गावच्या, घर कुठे, सासरची माणसं कोण, सगळी चौकशी केली आणि गेले. चांगला माणूस आहे, बोलका आहे, असं मला वाटलं. पाच मिनिटांनी शिपाई चिठ्ठी घेऊन आला. 'एकूण बोलणं चार मिनिटं. घसा खाकरणं एकोणीस वेळा. हे बरं नव्हे. पाणी प्या.' मी इतकी चिडले की दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. पाणी मात्र प्यायला लागले.

मोठ्या डॉक्टरांशी त्यांचं कायमचं भांडण 'घोगरा' या शब्दावरून. कान-नाक-घशाचे डॉक्टर कागदावर 'आवाज घोगरा' असं लिहून पेशंट पाठवत. सर तो कागद घेऊन ओपीडीत, वीस माणसांसमोर. "साहेब, घोगरा म्हणजे किती घोगरा?"

"सोनवणे, ऐकून कळतं हो."

"तापाच्या पेशंटला 'अंग गरम' असं लिहून पाठवता का? नाही ना? थर्मामीटर लावता. मग आवाजानं काय पाप केलंय?"

डॉक्टर हसायचे आणि पुढच्या कागदावर पुन्हा घोगराच लिहायचे.

सरांचा थर्मामीटर तसा साधा. पेशंटनं ताठ बसायचं, पोटभर श्वास घ्यायचा आणि एका दमात 'आ' म्हणायचं, निघेल तितका वेळ. धडधाकट माणूस पंधरा-वीस सेकंद आरामात ओढतो. गळ्यातले दोन स्वरतंतू नीट मिटत नसतील तर हवा मधूनच निसटते आणि 'आ' लवकर संपतो. तीनदा म्हणायचं, त्यातला सगळ्यात लांब धरायचा. मग 'स्स्स', मग 'झ्झ्झ'. मग माइक तोंडापासून एक वीत ठेवून तेच पुन्हा, म्हणजे कॉम्प्युटरच्या पडद्यावर आवाजाची रेघ उमटते आणि ती किती थरथरते ते आकड्यात कळतं. बाहेर बाकावर बसलेल्यांना आत साप आणि भुंगे पाळलेत असं वाटे.

या आकड्यांनी त्यांनी किती जणांना उभं केलं ते मी आमच्या दोन खोल्यांमधल्या काचेतून पाहिलंय. हंसाबेन म्हणून एका शाळेतल्या शिक्षिका होत्या. सहा आठवडे व्यायाम करून एक दिवस रडायलाच लागल्या. "सर, कशो फरक नथी. मने तो लागे छे के नोकरी छोडी दउं." सरांचा हात वर गेला, पण यावेळी बोट दाराकडे न जाता पडद्याकडे गेलं. पहिल्या आठवड्याची रेघ आणि आजची रेघ, एकाखाली एक. पहिली वेडीवाकडी, आजची बरीच सरळ. सेकंद सात होते, ते तेरा झाले होते. "बेन, तुम्ही स्वतःचा आवाज रोज ऐकता, म्हणून तुम्हाला कळत नाही. आता डोळ्यांनी बघा." हंसाबेन पडद्याला नाक लावून बघत राहिल्या. नोकरी सोडली नाही. दिवाळीला घारीचा, सुरतेच्या त्या तुपाळ मिठाईचा, डबा घेऊन आल्या, तेव्हा सरांनी आधी त्यांचा 'आ' घेतला आणि मग डबा उघडला.

असा हा माणूस, आकड्यावर एवढा विश्वास. आणि तो एकदा तोंडावर आपटला.

हिलालभाऊ कडोदऱ्याच्या एका खात्यात लूम मास्टर होते. मूळचे अमळनेरकडचे, म्हणजे सरांच्याच मुलखातले. मास्टरचं काम म्हणजे दिवसभर त्या खडखडाटात कारागिरांना ओरडून सांगायचं. वीस वर्षं ओरडून त्यांचा आवाज फाटला होता. शेठ भला होता. म्हणाला, रुग्णालयाचा कागद आण, तुला कापडाचे ताके तपासायच्या टेबलावर घेतो, तिथे लूम नाहीत, बोलावंही लागत नाही. हिलालभाऊ सुट्टीच्या वारी आले. स्वच्छ धुतलेला शर्ट, केसाला तेल. सरांनी 'आ' घेतला. सतरा सेकंद. रेघ सरळ. सरांनी कागदावर लिहिलं, 'सामान्य.'

"साहेब, पण काममा आवाज निंघत नही," हिलालभाऊ चाचरत म्हणाले.

"भाऊ, सतरा शे. सतरा म्हणजे चांगला शे," सर म्हणाले, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

तीन महिन्यांनी हिलालभाऊंची बायको आली. एकटीच. मी काही कागद द्यायला सरांच्या खोलीत गेले होते, म्हणून मला सगळं ऐकू आलं. तिनं तो जुना कागद टेबलावर ठेवला, नीट घडी उलगडून.

"साहेब, तुम्हना कागदमा आवाज शे. आम्हना घरमा नही शे."

सर चालायचे थांबले.

हिलालभाऊंचा आवाज पार गेला होता. खात्यात ते लूमच्या लोखंडावर पाना आपटून माणसांना बोलवत. घरी ताटलीवर चमचा. लहान मुलगी चमचा वाजला की घाबरून आईच्या मागे लपत होती. बाई हे सांगताना रडली नाही, त्यामुळे ऐकणं आणखी कठीण झालं.

"पण त्या दिवशी सतरा निघाले होते," सर म्हणाले. गावाकडची बोली सोडून मराठीत म्हणाले, म्हणजे गडबडले होते.

"निंघतीनच ना," ती म्हणाली. "त्या दोन दिन कोनासंगे बोलनातच नही. मिठना पानीन्या गुळण्या कऱ्यात. जेष्ठमध चघळा. म्हणेत, इतला मोठा साहेबपुढे आवाज चांगला निंघाले जोयजे."

डॉक्टरकडे जाताना आपण धुतलेले कपडे घालतो, तसं त्या माणसानं आवाज धुऊन आणला होता. मोजणाऱ्या साहेबापुढे आपला आवाज मळका दिसू नये म्हणून दोन दिवस मुका राहिला, आणि त्या चांगल्या आवाजानंच त्याचं टेबल गेलं. सर पेशंटच्या माणसाच्या खुर्चीत बसले. त्यांना बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हा. बराच वेळ ते त्या कागदावरच्या स्वतःच्या सहीकडे बघत होते, आणि अंगठा तेवढा हलत होता.

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन कडोदऱ्याला गेले. "तुमचे कान बरोबर हवेत, कानबेन." दुपारची वेळ, पत्र्याचं छप्पर, आणि आत शंभरेक लूम एकदम चालू. मी आयुष्यभर कानांचं काम केलंय, पण तो आवाज कानांनी ऐकायचा नसतोच, तो छातीत वाजतो. हिलालभाऊ आमच्याकडे बघून काहीतरी बोलले. गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या, तोंड उघडलं, आणि आम्हाला काहीही ऐकू आलं नाही. सरांनी खिशातून छोटं रेकॉर्डिंगचं यंत्र काढलं आणि तासभर त्या खात्यात उभे राहिले. उभे कसले, लूमच्या ओळींमधून फेऱ्याच मारत होते.

परत येताना रिक्षात ते पहिल्यांदा स्वतःबद्दल बोलले.

"माझा बाप लूमवर होता, कानबेन. घरात आला की आमच्यावर ओरडायचा. पाणी द्या, ओरडून. इकडे ये बाळ, तेही ओरडून. मला वाटायचं, बाप कायम रागावलेला आहे. मी त्याच्या समोर जायचोच नाही. पंधरा-सोळा वर्षं नाही गेलो. मग या शिक्षणाला आलो, आवाज मोजायला शिकलो, तेव्हा कळलं, तो रागावलेला नव्हता. त्याला दुसरा आवाजच उरला नव्हता."

मी विचारलं, "मग सांगितलंत का त्यांना?"

"तोपर्यंत ते गेले होते," सर म्हणाले, आणि रिक्षावाल्याला हॉर्न किती सेकंद वाजवतोस म्हणून विचारायला लागले.

'वाटतं' वर एवढा राग का, ते मला त्या दिवशी कळलं. त्यानंतर मी त्यांच्या त्या बंदीवर हसले नाही.

खोलीत नवा नियम आला. लूमच्या माणसानं सुट्टीच्या वारी यायचं नाही. काम संपवून यायचं, घामाच्या कपड्यांत, संध्याकाळी पाचला. आल्याबरोबर तोंड उघडून दाखवायचं, आत काही चघळायला ठेवलंय का. कानांवर हेडफोन, त्यात कडोदऱ्याच्या लूमचा खडखडाट, आणि त्यावर 'आ'. "सणाचा आवाज मला नको," सर प्रत्येकाला सांगत, "तो घरी देवापुढे ठेवा. मला रोजचा आवाज द्या." कागदावर आकड्याच्या पुढे ते स्वतःच्या हातानं लिहीत, 'सायंकाळी पाच, लूम चालू.' हिलालभाऊंना पुन्हा बोलावलं. निघाले पाच सेकंद. त्याच दिवशी सरांनी तो छापील कागद तयार केला, दहा सेकंदांचं ते वाक्य लिहिलं, आणि स्वतः जाऊन शेठच्या हातात दिला. हिलालभाऊंना टेबल मिळालं. आवाज पूर्ण परतला नाही, पण ताटलीवरचा चमचा बंद झाला. दहाची ती ओळ त्यांच्यामुळे कागदावर आली, आणि तिनं पुढे कितीतरी शिक्षकांचे आणि मास्टरांचे गळे वाचवले.

मग सरांच्या गळ्यात गाठ निघाली. गाठ साधी होती, ऑपरेशन नीट झालं, पण तिथून जाणारी एक बारीक नस दुखावली आणि डावा स्वरतंतू हलेनासा झाला. असं होतं कधीकधी, कुणाची चूक नसते. मी भेटायला गेले तेव्हा सरांनी काहीतरी म्हटलं, आणि फुग्यातून हवा सुटावी तसा नुसता वारा आला. मी हसून वेळ मारून नेली. घरी येऊन मात्र खूप रडले.

महिनाभरानं ते कामावर आले. दहा पावलं चालू. पेशंटला सांगायचं ते पाटीवर लिहून दाखवत, बोट दाराकडे करायला आवाज लागतच नव्हता. व्यायाम स्वतः करत, दोन्ही हातांनी टेबल ढकलत 'आ' म्हणत, आणि मी काचेतून बघते आहे हे कळलं की खिडकीकडे वळत. मी दोनदा विचारलं, "सर, एकदा मोजायचं का?" दोन्ही वेळा त्यांनी पाटीवर एकच शब्द लिहिला. 'सुधारतोय.'

किती, असं विचारायची माझी हिंमत झाली नाही. लिफ्टच्या घंटेचीही वेळ लिहून ठेवणाऱ्या या माणसानं आठ महिन्यांत स्वतःचा 'आ' एकदाही मोजला नव्हता.

आणि मग तो कागद आला. सोमवार सकाळ ठरली. शनिवारी वहिनींचा फोन. "शैलाताई, रुग्णालयात काही भांडण झालं का हो? कालपासून तोंडातून शब्द काढत नाहीत. पाटीसुद्धा नको म्हणतात." मी म्हटलं, काळजीत असतील. तपासणीवरून मलाच झोप येत नव्हती, त्यामुळे दुसरं काही डोक्यात आलं नाही.

सोमवारी मी सरांच्याच खोलीत थांबले होते, आणि सर आले ते इस्त्रीच्या शर्टात. गळ्यातला स्टॉपवॉच काढून त्यांनी माझ्या हातात दिला आणि पेशंटच्या खुर्चीत बसले. त्यांना बसलेलं बघण्याची ही दुसरी वेळ. त्यांच्या मागे फिरायची सवय झालेली माझी मान उगाचच दाराकडे जात होती.

"आ" म्हणा, असं सरांना सांगायचं म्हणजे काय, ते सांगता येणार नाही. मी नुसती मान हलवली.

पहिला नऊ. दुसरा दहा. तिसऱ्याला ते डोळे मिटून ओढत राहिले, चेहरा लाल झाला, आणि मी मनातल्या मनात ओढत होते, अजून, सर, अजून थोडं. अकरा.

"अकरा!" मी ओरडलेच. पेन उचललं, कागदावर वाकले, आणि तेवढ्यात मला वास आला. गोडसर, थोडा मातकट. लहानपणी खोकला झाला की आजी द्यायची तो.

मी वर पाहिलं. सरांचा डावा गाल किंचित फुगलेला होता.

नस दुखावली असेल तर ज्येष्ठमधानं काय होणार? दोन-तीन दिवसांच्या मुकेपणानं एखाद-दुसरा सेकंद वाढेल फार तर. हे सुरतेत सगळ्यात चांगलं त्यांनाच माहीत. तोंड उघडायला लावायचा नियम त्यांचाच, पण तो त्यांना लावायचं मला सुचलं नव्हतं. आता सुचलं, तर जीभ उचलेना. आकडा काही खोटा नव्हता. मी अकरा लिहिलं. मला लाज वाटली, आणि आनंदही झाला, दोन्ही एकदम.

सर उठले, दारापर्यंत गेले. खिडकीपर्यंत आले. पुन्हा दार. अंगठा नुसता चालू होता. चौथ्या फेरीला ते माझ्यापाशी थांबले, तोंडातली काडी काढून रुमालात ठेवली, आणि त्या वाऱ्यासारख्या आवाजात म्हणाले, "कानबेन, खोडा तो आकडा. सणाचा होता."

"सर, राहू द्या ना."

"खोडा. उद्या. पाच वाजता. लूम चालू."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून सर बोलत होते. पाटी कपाटात. ओपीडीतल्या बाकावरच्या प्रत्येकाशी बोलले, शिपायाशी बोलले, डॉक्टरांशी 'घोगरा'वरून भांडले. निम्मं बोलणं कुणाला कळतही नव्हतं, लोक उगाच मान डोलावत होते. मी पेशंटच्या कानांत आवाज सोडत होते आणि माझे कान भिंतीपलीकडे. दुपारनंतर त्यांचा आवाज तुटत चाललेला मला ऐकू येत होता. तीनला मी जाऊन म्हटलं, "सर, बास करा." त्यांनी नेहमीच्या ऐटीत बोट दाराकडे दाखवून मला बाहेर काढलं.

पाचला ते पुन्हा पेशंटच्या खुर्चीत बसले, तिसऱ्यांदा. मी हेडफोन लावले. लूम चालू केले. हेडफोनच्या बाहेरही तो खडखडाट बारीक ऐकू येत होता.

पहिला सहा. दुसरा सहा. तिसरा पाच.

मी हेडफोन काढले. "सहा," मी म्हटलं. मला वाटलं होतं, मी रडेन. पण शब्द अगदी साधा आला. सहा म्हणजे खोली गेली. ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

सर मान खाली घालून बसले होते.

"मला वाटलं होतं," ते पुटपुटले, "आठ तरी..."

आणि थांबले. आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. हळूहळू त्यांचा उजवा हात वर गेला, बोट दाराकडे वळलं, आणि ते स्वतःच उठून बाहेर चालायला लागले.

मी कागदावर सहा लिहिलं आणि पुढे लिहिलं, 'सायंकाळी पाच, लूम चालू.' दारातून पाहिलं तर सर आपल्या चपलांपाशी उभे होते, पाठमोरे, पायात न घालता. लाल नाडीचा स्टॉपवॉच माझ्याच हातात राहिला होता, आणि तिकडे त्यांचा अंगठा दाबतच होता.